मासे पान नाही, पानावरचं खाऊन राहिलेत

ताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, कुठं चुकीचं समजलो असेन तर लगेच टोका. नागपुरात मानेवाड्याला घर, दोन बाय एक बाय एक फुटाचा माशांचा टँक, काठोकाठ धरला तर ५६ लिटर, माती-दगड वजा जाता चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी. तीन महिन्यांत झाडं मस्त भरली, शेवाळासारखं गच्च वाढणारं जावा मॉस, मागे पट्टीसारख्या लांब पानांचं व्हॅलिस, कोपऱ्यात हॉर्नवर्ट, वर तरंगणारं टिकल्यांएवढं डकवीड. मासे म्हणजे आठ झेब्रा, बारा एंबर टेट्रा, हनी गुरामीची जोडी, खाली तळाशी राहणाऱ्या चार कोरी. सकाळ-संध्याकाळ फ्लेक्स, म्हणजे सुक्या खाण्याचे पापुद्रे, टाकता. झेब्रा गरगरीत झालेत, पण टेट्रा दिवसभर पानांना टोचा मारत फिरतात, खाणं टाकलं की मॉसमधून बाहेरच येत नाहीत, त्यातले तीन बारीक झाले आणि दोन दिसेनासे झाले. म्हणून तुम्ही विचारलं की ह्या मासोळ्या शाकाहारी आहेत का, पालक उकडून टाकू का, आणि भाऊ म्हणतो तशा कूलरमधल्या मच्छरांच्या अळ्या टाकू का.

पटकन उत्तर हवं असेल तर पहिल्याला नाही, दुसऱ्यालाही नाही, आणि तिसऱ्याला अजिबात घाई करू नका, त्याचं कारण खाली सांगतो. पण मला विचाराल तर "काय टाकू" हा तुमचा प्रॉब्लेमच नाहीये. टाकलेलं कोणाच्या तोंडात जाते ते पाहायचं राहून गेलंय. तुमच्या डब्यातले फ्लेक्स कदाचित एकदम चांगले असतील, ते टेट्रापर्यंत पोचतच नसतील तर बदामाचा शिरा टाकला तरी तेच होणार.

मी कोण म्हणाल तर एका कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमधे बावीस वर्षं काढली, प्रोफेसर म्हणून नाही, सामान मांडायचं, स्लाइड बनवायच्या, मुलांनी घाण केली की पुसायचं, ह्या कामात. घरी टँक त्याच्याही आधीपासून. त्यामुळे जे सांगतो ते थोडं लॅबमधलं आणि बरंचसं माझ्याच हातानं मासे मारून शिकलेलं आहे.

आता ते टोचा मारणं. एक काम करा, आजच करा. हॉर्नवर्टची मूठभर काडी हळूच काढा आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात किंवा पांढऱ्या ताटात टँकचंच पाणी घेऊन त्यात जोरात हलवा, वीस-पंचवीस वेळा. काडी बाजूला काढा, पाणी दोन मिनिटं बसू द्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा, भिंग असलं तर उत्तमच. आधी नुसता भुरकट गाळ दिसेल. मग त्या गाळातले काही कण चालायला लागतील. झटके देत उड्या मारणारा पांढरा ठिपका म्हणजे सायक्लॉप्स, मादी असेल तर मागे दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतील, जणू दोन गाठोडी घेऊन बाई बाजारात निघालीय. तिळासारखा गुळगुळीत दाणा ताटाच्या तळाशी सरसर पळत असेल तर तो ऑस्ट्राकॉड. दोऱ्यासारखे पांढरे वळवळणारे जंत, क्वचित गाळाच्या नळीत बसलेली लालसर अळी, ती न चावणाऱ्या मिज माशीची. हे सगळं एका मूठभर काडीवर! जुन्या, बसलेल्या टँकमधे तर हमखास. तुमचा तीन महिन्यांचा आहे म्हणजे थोडं कमी निघेल पण निघेल.

आणि हे सगळे प्राणी ज्याच्यावर जगतात तो पानावरचा बुळबुळीत थर. बोटानं पान चोळलं की जो चिकटपणा हाताला लागतो तोच. त्यात शेवाळ असते, बॅक्टेरिया असतात, बारीक एकपेशीय जीव असतात, सडलेल्या पानाचा भुगा असतो. टेट्रा टोचा मारते ती ह्या थराला आणि त्यातल्या हलणाऱ्या ठिपक्यांना. पान फाटलेलं, कुरतडलेलं दिसलंय का तुम्हाला कुठं? नसेल दिसलं. टेट्राला पानाचा तुकडा तोडता येण्यासारखं तोंडच नाही. मॉस कुरतडलेलं दिसलं असतं तर मी म्हटलं असतं की गोगलगायी पाहा.

नवीन लोकांचा इथंच घोटाळा होतो, मासा झाडात राहते म्हणजे झाड खाते असं वाटते. आपण पेरूच्या झाडावर बसलेल्या चिमणीला पानं खाणारी म्हणत नाही, ती तिथं किडे वेचते हे आपल्याला दिसते, पाण्यात ते दिसत नाही एवढाच फरक.

लॅबमधल्या दिवसांची गोष्ट सांगतो. तेव्हा डिसेक्शन चालायचं, आणि आमचे एक सर होते त्यांना मोठ्या माशापेक्षा बारीक मासोळीत रस. बुधवारी बाजारातून किलोभर मिसळ मासोळी आणायची, वेगवेगळी काढायची आणि आतडं उघडून काय निघते ते काचेवर पसरायचं. एक म्हणजे टिक्टो, अंगावर दोन काळे ठिपके असलेली ती चपटी पुंटी, तिच्या आतड्यात हिरवट लगदा, वाळूचे कण, आणि त्या लगद्यात पाणपिसवांची, म्हणजे पाण्यात उड्या मारत फिरणाऱ्या बारीक प्राण्यांची, फुटकी कवचं. म्हणजे तिनं पानावरचं खरवडून जे सापडलं ते सगळं गिळलं. दुसरा काळ्या पट्ट्याचा रासबोरा, त्याच्यात मुंग्यांची डोकी आणि कसल्या कसल्या किड्यांचे पंख. दोन्ही मासे एकाच तलावातले, एकाच जाळ्यात आलेले. मोला म्हणून जी चांदीसारखी मासोळी असते तिचं आतडं सोडवायला घेतलं की संपतच नव्हतं, गुंडाळीवर गुंडाळी, आत हिरवं पाणी, कारण तिचं मुख्य खाणं पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ. आतडं लांब म्हणजे वनस्पतीकडे झुकणारा, आखूड म्हणजे किडेखाऊ, हे ढोबळ गणित त्या टेबलावर मला कळलं, पुस्तकात आधी वाचलं होतं पण कळलं नव्हतं. तसंच काचमाशांतल्या चंदा नामा जातीबद्दल मी नुसतं ऐकलं होतं की दुसऱ्या माशांचे खवले ओढून खाते, एकदा तिच्या पोटातून खरंच खवले निघाले तेव्हा सर लहान पोरासारखे खुश झाले होते.

तर तुमच्या टँकमधले चार प्रकार एकेक पाहू, कारण चौघांचं तोंड वेगळं आहे.

झेब्रा मूळचा आपल्याच देशातला, हॅमिल्टननं १८२२ साली गंगेच्या माशांच्या पुस्तकात नोंदवलेला. तोंड किंचित वर वळलेलं, खाणं पाण्यातले बारीक प्राणी आणि वर पडणारे किडे. ह्या कुळातल्या माशांना, म्हणजे झेब्रा, रासबोरा, बार्ब सगळ्यांना, पोटाची पिशवीच नसते. घशात दात असतात, तिथं चिरडायचं आणि सरळ आतड्यात पाठवायचं. साठवायला जागा नाही म्हणून दिवसभर चरत राहायचं, आणि समोर दिसलं की झडप. त्यामुळे झेब्राला तुम्ही हावरट म्हणाल पण त्याची बनावटच तशी आहे बिचाऱ्याची.

एंबर टेट्रा ब्राझीलमधली, अरग्वाया नदीच्या खोऱ्यातली, पूर्ण वाढली तरी दोन सेंटिमीटर. हिला जबड्यात बारीक दात आहेत आणि पोटही आहे, पण तोंड एवढंसं की खसखशीच्या दाण्याहून फार मोठा घास जात नाही. स्वभाव लाजरा. मधल्या थरात, झाडाच्या आडोशानं राहणार, खाणं समोरून हळूहळू खाली येत असेल तर टिपणार, वर जाऊन भांडून खाणार नाही. आता तुम्ही साबुदाण्याएवढे फ्लेक्सचे तुकडे वर टाकता, वर आठ झेब्रा घिरट्या घालून राहिलेत, डकवीडनं अर्धा पृष्ठभाग झाकलाय, त्यातून जे सुटते ते पाणी पिऊन फुगून मॉसमधे पडते. टेट्राच्या वाट्याला येते काय?

गुरामी निवांत आहे, तिला छातीजवळचे दोन लांब मिशांसारखे पर असतात त्यांनी चाचपून चाचपून खाते, वरच्या थरातलीच, तोंड वर. तिच्या जातभाईंपैकी ड्वार्फ गुरामी तर पाण्याबाहेरच्या किड्यावर तोंडानं पाण्याचा थेंब मारून त्याला पाडते. तिची काळजी नाही. कोरीचं तोंड खाली, मिशा खाली, ती रेतीत नाक घालून जगते, फक्त वरून जे सुटेल त्याच्यावर तिला सोडू नका, लोकं तिला सफाई कर्मचारी समजतात आणि उपाशी मारतात.

आता दुसरा मुद्दा, झाडं. तुमच्या फोटोत मॉस पार समोरच्या काचेपर्यंत आलंय. दिसायला सुंदर, पण झाडं जितकी दाट तितकं माशाला शोधून खाणं कठीण. अमेरिकेत क्राउडर आणि कूपर ह्या दोघांनी ब्लूगिल नावाच्या माशावर काम केलं होतं, १९८२ साली छापून आलं, तळ्यात पाणवनस्पती विरळ, मध्यम आणि दाट ठेवून पाहिल्या तर माशांचं मध्यम दाटीत सगळ्यात बरं चाललं. विरळ असली तर मासे सगळे किडे लवकर संपवतात, दाट असली तर किडे भरपूर पण माशाला पकडताच येत नाहीत, काडीकाडीच्या मागे लपतात. इथं नागपुरातही हेच दिसते, मलेरिया विभागाचे लोक विहिरीत-टाक्यात गप्पी सोडतात ना, ते काम करतात मोकळ्या पाण्यात. शेवाळ-जलकुंभीनं गच्च भरलेल्या डबक्यात गप्पी सोडून उपयोग नाही, अळ्या झाडात बसतात आणि गप्पी बाहेर फिरत राहते. आधी झाडं साफ करा मग मासे सोडा असं म्हणतात ते म्हणूनच.

पण म्हणून उद्या कात्री घेऊन सगळं मॉस भादरू नका! माझ्या मामाचं गाव साकोलीकडे, तिकडे मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधलेले, शेकडो वर्षं जुने. लहानपणी आम्ही त्यातल्या एका तलावाच्या काठाला बाटलीला दोरी बांधून मासोळ्या पकडायचो, पाण्यात वाकून पाहिलं की हायड्रिला आणि व्हॅलिसचं रान दिसायचं आणि त्यात ह्या बारीक मासोळ्यांचे थवे. नंतर काठानं बेशरमाचं तण माजलं, पाण्यातली झाडं गेली आणि त्यांच्यासोबत मासोळीही गेली. मग भंडारा-गोंदियाकडच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांनी काही तलावांत बेशरम उपटून, तळ नांगरून, पाण्यातली मूळची झाडं हातानं परत लावली, हायड्रिला, व्हॅलिस, सेराटोफायलम, म्हणजे तुमचं तेच हॉर्नवर्ट, आणि देशी मासे परत यायला लागले. ढिवराला विचारलं काऊन बा झाड लावता तर तो म्हणते मासोळी खाईल काय, अंडे कुठं घालील. ह्याच्यापुढं मी काय शिकवणार. झाड हे तुमच्या टेट्राचं कोठार आहे, फक्त कोठाराला दार पाहिजे. समोरचं एक तृतीयांश मॉस काढा, मागचं राहू द्या, म्हणजे टेट्राला आडोसाही राहते आणि समोर टिपायला मोकळी जागाही मिळते.

इथवरचं थोडक्यात, म्हणजे धागा सुटणार नाही. टेट्रा किडेखाऊ आहे, थोडं शेवाळ सोबत जाते तेवढंच. तिचं तोंड लहान, ती मधल्या थरात, लाजरी. झेब्रा वर, वेगवान. आणि दाट झाडीमुळे खाली गेलेलं कोणालाच मिळत नाही, ते सडते. पालकाचं उत्तर इथंच आलं, टेट्रा पालकाला तोंड लावणार नाही. मॉली-गप्पी असत्या तर म्हटलं असतं टाका.

आता जे मला इथून सांगता येत नाही ते. बारीक होणं म्हणजे नेहमी उपासमारच असं नाही. खाणं समोर आलं की मासा धावून येते, तोंडात घेते, गिळते, तरीही आठ-पंधरा दिवसांत पोट भरत नाही आणि विष्ठा पांढरी, लांब, दोऱ्यासारखी लोंबते, तर आतड्यात काहीतरी आहे समजा. मागून लाल केसासारखे धागे बाहेर आलेले दिसले तर ते जंत. खाणं तोंडात घेऊन थुंकते, तर एकतर घास मोठा आहे किंवा तोंडाला काही झालंय. पाठीचा कणा वाकला, रंग उडून ठिपका पडला, तर तो मासा आधी वेगळा काढा, मग पुढचं. आणि समजा मासा यायलाच तयार नाही, पण समोर ड्रॉपरनं खाणं सोडलं तर टिपते, तर ती उपाशी आहे, बाकी काही नाही. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटते पण मी टँक पाहिलेला नाही. त्यामुळे दुकानातून उगाच औषधाची बाटली आणून ओतू नका, झाडंही जातील आणि पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरियाही.

हरवलेल्या दोघींबद्दल, रात्री लाइट बंद करून अर्ध्या तासानं टॉर्च मारून मोजा, दिवसा मोजून कधी मेळ बसत नाही. तरी दहाच निघाल्या तर मेल्या असतील, दोन सेंटिमीटरचा मासा गोगलगायी आणि कोरी मिळून एका रात्रीत साफ करतात, काटाही सापडत नाही. टँकच्या मागं फरशीवरही पाहून घ्या.

आता करायचं काय. मी माझ्याकडे असं करतो. आधी एअर पाइपचा एक तुकडा गोल करून जोडायचा, ती रिंग डाव्या कोपऱ्यात तरंगत ठेवायची म्हणजे आत डकवीड येत नाही. त्या रिंगमधे फ्लेक्स, झेब्रासाठी. आठही झेब्रा तिकडे तुटून पडले की मिनिटभरानं उजव्या बाजूला खरं जेवण. अंगठ्याच्या नखाएवढा फ्लेक बोटात चुरून पार पीठ करायचं, वाटीत टँकचं दोन चमचे पाणी घेऊन त्यात भिजवायचं, भिजलं की ते तरंगत नाही. मग सुई काढलेल्या सिरिंजमधे ओढून मॉसच्या काठाजवळ पाण्याच्या मधोमध हळूच सोडायचं. पहिले दोन दिवस टेट्रा बघत राहतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिरिंज दिसली की त्याच पुढं येतील, आणि मग तुम्हाला कोण खाते कोण नाही हे डोळ्यांनी दिसेल, तो ह्या सगळ्याचा खरा फायदा. झेब्रा पण हुशार आहेत, आठवड्याभरात त्यांनाही उजवीकडचं कळते, मग बाजू बदला. कोरीला लाइट बंद झाल्यावर अर्धी गोळी, बुडणारी.

दिवसातून दोनदाऐवजी तीनदा, पण एकूण माल तेवढाच. सगळे म्हणतात माशाचं पोट डोळ्याएवढं असते, झेब्राला तर पोटच नाही हे वर सांगितलं, पण अंदाज म्हणून ती म्हण वाईट नाही, हात आवरतो. दोन मिनिटांत संपलं नाही म्हणजे जास्त झालं. रविवारी खाणं बंद ठेवा, त्या दिवशी ते पानावरचं खातील. तुमच्या झाडीत ते आठवडाभर काढू शकतील, बाहेरगावी जाताना शेजाऱ्याच्या पोराला डबा देऊन जाऊ नका, आमच्याकडे एकदा त्या पोरानं प्रेमानं अर्धा डबा ओतला होता.

खाणं सोडताना फिल्टर बंद करावा लागते नाहीतर पीठ सरळ स्पंजमधे जाते. इथं माझी चूक ऐका. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, फिल्टर बंद केला, सिरिंज मारली, तेवढ्यात फोन आला, फोन झाला आणि जेवायला बसलो आणि झोपलो. सकाळी सहाला उठून पाहतो तर मासे वर तोंड करून, अकरा गेलेले. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, पाणी हलत नव्हतं, आणि नागपूरचा मे. तेव्हापासून मी बटण बंद केलं की तिथंच खुर्ची घेऊन बसतो, गॅसवर दूध ठेवल्यावर जसं बसतात तसं, दहा मिनिटं, कोणाचाही फोन येवो.

हंगामाचं पण सांगून ठेवतो कारण पुण्या-मुंबईची लोकं जे व्हिडिओत सांगतात ते इथं जसंच्या तसं चालत नाही. बाहेर ४५ असताना घरातला टँक ३३-३४ वर जाते. पाणी तापलं की मासा जास्त हालते, त्याला भूक जास्त लागते आणि त्याच वेळी पाण्यात ऑक्सिजन कमी मावते, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावत असेल तर ३३ ला जेमतेम ७ च्या वर. म्हणून उन्हाळ्यात खाणं सकाळी लाइट लागून तासाभरानं आणि दुपारी, रात्री उशिरा कधीच नाही, आणि एका वेळी अगदी थोडं. पाण्यावर छोटा फॅन लावला तर दोन-तीन अंश उतरते, फक्त उडालेलं पाणी रोज भरा. डिसेंबर-जानेवारीत उलट, हीटर नसेल आणि पाणी २० च्या खाली गेलं तर खाणं अर्ध्यावर आणा, पचत नाही.

आता कूलर. भावाला सांगा कल्पना चुकीची नाही, अळी हे ह्या माशांचं खरंच आवडतं खाणं आहे. पण कूलरमधली अळी बहुतेक एडिस मच्छराची, डेंग्यूवाली, आणि अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही दोन चमचे अळ्या काढाल आणि पन्नास टाकीत राहतील, त्या कोणाच्या घरात जातील? कूलर आठवड्याला कोरडा करायचा म्हणून महापालिका कानीकपाळी ओरडते ते बरोबर आहे. आणि मोठी अळी एंबरच्या तोंडात मावतही नाही, ती झेब्राच खाणार, म्हणजे परत तिथंच आलो आपण.

त्यापेक्षा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला झिंग्यासारखा बारीक प्राणी, त्याची अंडी आणा, लहान डबी मिळते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिठाचं पाणी, एअर पंप, २७-२८ अंशाला चोवीस ते छत्तीस तासांत पिल्लं निघतात, अर्ध्या मिलिमीटरची, नारिंगी, एंबरच्या तोंडासाठी मापानं शिवल्यासारखी. गाळून, साध्या पाण्यात धुऊन, त्याच दिवशी द्या, शिळी झाली की आतलं अन्न ती स्वतःच संपवतात आणि माशाला नुसतं टरफल मिळते. आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं. गच्चीवर मॉयना ह्या बारीक पाणपिसवेची बादली लावायची हौस असेल तर तेही चालते, मॉयना आपल्या उकाड्याला डॅफ्निया ह्या मोठ्या पाणपिसवेपेक्षा बरी टिकते, पण मेमधे बादली सावलीत, जिन्याखाली ठेवा आणि वर मच्छरदाणीचं कापड बांधा, नाहीतर कूलरचीच गोष्ट परत. नाल्यातले ट्यूबिफेक्स नावाचे जिवंत लाल जंत कोणी आणून दिले तर घेऊ नका, ते वाढतात सांडपाण्यात.

फुटाळा किंवा अंबाझरी तलावातून हायड्रिला आणायचा मोह होईल, मलाही झाला होता. त्यासोबत चतुराची एक अळी आली, काडीसारखी, मला दिसलीच नाही, पंधरा दिवसांत रासबोराची नऊ पिल्लं कमी झाली तेव्हा शोधायला लागलो. आणलंच तर महिनाभर वेगळ्या टबात ठेवा. आणि उलटं म्हणजे झेब्रा जड झाले म्हणून तलावात नेऊन सोडू नका, देशी असले तरी दुकानातले मासे कुठले रोग घेऊन फिरतात सांगता येत नाही. ५६ लिटरमधे आठ झेब्रा तसेही जास्तच धावपळ करतात, मनीष नगर-प्रताप नगरकडे टँकवाले पुष्कळ आहेत, कोणीतरी आनंदानं नेईल, किंवा दुकानदार परत घेईल. सगळ्यात सोपा उपाय खरं तर तोच आहे पण तुमच्या मुलीला झेब्रा आवडतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तो शेवटी सांगितला.

ह्या आठवड्यात फक्त मॉस कापा, रिंग लावा आणि सिरिंज सुरू करा, आर्टेमिया पुढच्या आठवड्यात. आणि त्या तीन बारीक टेट्रांचा फोटो बाजूनं काढून टाका, सकाळी खाणं टाकायच्या आधीचा एक आणि टाकल्यावर दहा मिनिटांनी एक. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर त्या परत मॉसमधे जाऊन बसतील.